प्रकल्प कोणाचा, गुण कोणाला?

भिवंडीच्या कामतघर भागात रविवारी रात्री नवाच्या सुमारास वह्यापुस्तकांच्या दुकानांपुढे जी गर्दी जमते, तीत मुले थोडी आणि आईबापच फार असतात. कोणास ज्वालामुखी हवा असतो, कोणास जलचक्र, कोणास सूर्यमाला. आणि जे हवे ते सोमवारी सकाळी शाळा भरण्यापूर्वी हवे असते. दुकानदार छापील चित्रांचा तक्ता काढून देतो, संगणकावरून चार पाने माहिती छापून देतो, आणि ज्यास तेवढीही सवड नाही त्यास तयार प्रतिकृती विकतो. या साऱ्या खटाटोपास शाळेच्या दप्तरी ‘विद्यार्थ्याने केलेला प्रकल्प’ असे नाव आहे! पाचवी ते आठवीच्या मुलांच्या नावावर चालणारा हा व्यवहार शिक्षण नसून शिक्षणाचे सोंग आहे, आणि त्या सोंगात आपण सुशिक्षित म्हणविणारे पालकच आघाडीवर आहोत, हे आता स्पष्ट सांगितले पाहिजे.

मूळ कल्पनेत दोष नाही, हे आरंभीच मान्य करू. अमेरिकन शिक्षणशास्त्रज्ञ किलपॅट्रिक याने १९१८ साली प्रकल्पपद्धतीवर निबंध लिहिला, तेव्हा त्याचा सारा भर मुलाच्या स्वतःच्या हेतूवर होता. मुलाने मनापासून पत्करलेले काम, तोच त्याच्या लेखी प्रकल्प. आपल्याकडे वर्ध्यास ऑक्टोबर १९३७ मध्ये जी शिक्षणपरिषद भरली, तीत गांधीजींनी हातच्या उद्योगातून सर्व विषय शिकविण्याचा विचार मांडला. टकळीवर काढलेले सूत मोजता मोजता मुलास गणित यावे, अशी ती दृष्टी होती. आणि फार दूर कशाला जावे? त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यात ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीस काम सुरू केले, आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघ यांच्यासह ते पुढे चालविले. गुरे राखणारी आदिवासी मुले शाळेत येऊ शकत नाहीत असे दिसताच त्यांनी शाळाच कुरणावर नेली, आणि ‘कुरणशाळा’ हा शब्द मराठीस दिला. मुलाच्या जगण्यातून त्याचे शिक्षण उभे करावे, हा या सर्वांचा एकच मंत्र होता.

मग बिघडले कोठे? २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्याने कृतीतून व शोधातून शिकविण्याचा आदेश दिला, तोही योग्यच होता. त्यास अनुसरून राज्य सरकारने २० ऑगस्ट २०१० रोजी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची योजना काढली; तीत तोंडी काम, प्रयोग, स्वाध्याय यांच्या पंक्तीस प्रकल्पही बसला, आणि पाचवी-सहावीस निम्मे गुण अशा वर्षभरच्या कामास ठेवले गेले. प्रकल्पास गुण मिळणार असे ठरले, आणि त्याच दिवशी तो मुलाच्या हातून निसटून बापाच्या हाती गेला. जेथे गुण आहेत तेथे आपला मध्यमवर्ग मुलास एकटे सोडील, ही अपेक्षाच मुळी भोळेपणाची होती!

या व्यवहारात मूल काय शिकते, याचा विचार कोणी केला आहे काय? परीक्षेत शेजाऱ्याच्या उत्तरपत्रिकेत डोकावणाऱ्या मुलाच्या कानशिलात देण्यास जो बाप मागेपुढे पाहणार नाही, तोच रात्री बारा वाजेपर्यंत पुठ्ठे कापीत बसतो, आणि तयार झालेल्या वस्तूवर मुलाचे नाव सुवाच्य अक्षरांत स्वतः लिहितो. परक्याच्या श्रमावर आपले नाव घालावे व शाबासकी घ्यावी, हा धडा अकरा वर्षांच्या मुलास त्याच्या पूज्य मातापित्यांकडूनच मिळतो. आणि सर्व जाणून असलेले गुरुजी ‘उत्तम’ असा शेरा मारून त्यावर शिक्कामोर्तब करतात. त्यातही विनोद असा की, २०१८ साली राज्य सरकारने थर्माकोलच्या ताटवाट्यांवर व सजावटीवर बंदी घातली, तरी ‘पर्यावरणाचे रक्षण’ या विषयाचा देखावा थर्माकोलवर उभारलेला आम्ही त्यानंतरही पाहिला आहे.

खोटेपणाहून मोठे पाप अन्यायाचे आहे. कामतघर हा यंत्रमागांच्या गावातला भाग. येथे एकाच वर्गात कचेरीत जाणाऱ्याचा मुलगा बसतो आणि रात्रपाळीस माग चालविणाऱ्याचाही बसतो. दुसऱ्याच्या घरी पुठ्ठा कापावयास कोणी मोकळे नसते, आणि रंगीत छपाईस पैसेही नसतात. तो बिचारा आपल्या हाताने वाकडेतिकडे चित्र काढून आणतो. वर्गात खरा प्रकल्प तेवढाच असतो, आणि सर्वांत कमी गुण नेमके त्यालाच मिळतात! ही परीक्षा मुलाच्या बुद्धीची की बापाच्या खिशाची?

वास्तविक या मुलाच्या दाराशी जेवढे शिक्षण पडले आहे, तेवढे कोणत्याही दुकानात विकत मिळणार नाही. बापाचा माग मिनिटास १२० आडवे धागे टाकतो व कापडाच्या एका इंचात असे ४८ धागे बसतात, असे समजा. मग मिनिटास अडीच इंच, तासास १५० इंच, आणि बारा तासांच्या पाळीत १८०० इंच, म्हणजे सुमारे ४५.७ मीटर कापड निघावयास हवे. प्रत्यक्षात निघते किती? कमी का? धागा किती वेळा तुटला, वीज किती वेळ गेली? सहावीच्या मुलाने एवढे विचारले, मोजले व लिहिले, तर त्यात गुणाकार आला, भागाकार आला, बापाच्या मजुरीचा हिशेब आला, आणि बापाच्या श्रमांविषयी आदरही आला. त्या दिवशी वर्गात जाणता तो ठरेल, आणि कचेरीवाल्याचा मुलगा त्याच्याकडे शिकावयास जाईल.

तीच गोष्ट वऱ्हाळा देवीच्या तलावाची. तलाव डोळ्यांसमोर असता मूल छापील जलचक्र चिकटवून आणते. पण तलावाचे पाणी वैशाखात कोठवर उतरते असे विचारले तर गप्प राहते. वर्गाने गुरुजींसह जूनपासून दर पंधरवड्यास काठावर जाऊन पाण्याची पातळी एका दोरीने मोजावी, पावसाची नोंद ठेवावी, आणि दिवाळीनंतर त्याचा आलेख काढावा. खर्च एका दोरीचा!

यावर आक्षेप येतील ते आम्ही जाणतो. कोणी म्हणतील, या निमित्ताने आईबाप मुलाजवळ बसतात, ते काय वाईट? बसावे, अवश्य बसावे. परंतु मुलाच्या प्रश्नास उत्तर देणे निराळे आणि त्याची कात्री हिसकावून घेणे निराळे. दुसरे म्हणतील, शिक्षकांस वेळ कोठे आहे? सहावी ते आठवीस ३५ मुलांमागे एक शिक्षक असावा, असे कायदा सांगतो. जेथे वर्ग याहून मोठा आहे तेथे तक्रार खरी आहे, आणि ती सरकारदरबारी मोठ्याने केली पाहिजे. पण तिचा उपाय प्रकल्प घरी पाठविणे हा खास नव्हे. तिसरे म्हणतील, प्रकल्पच बंद करा व जुनी परीक्षा आणा. घोकंपट्टीच्या ओझ्याविरुद्ध यशपाल समितीने १९९३ सालीच इशारा दिला होता. विहिरीतून निघून आडात पडण्यात शहाणपण नाही.

आमचे मागणे थोडे आहे. प्रकल्प शाळेच्या तासांतच, गुरुजींच्या डोळ्यांदेखत व्हावा. ज्यासाठी दुकानात जावे लागते असा एकही प्रकल्प देऊ नये. वर्षात दहा न देता दोनच द्यावेत. गुण वस्तूच्या झगमगाटास न देता मुलाच्या कच्च्या वहीस व त्याने तोंडाने केलेल्या उलगड्यास द्यावेत. आणि शाळा हे करीपर्यंत थांबण्याचे पालकांस कारण नाही. पुढल्या रविवारी दुकानाकडे निघालेले पाऊल मागे घ्यावे, आणि मुलाने स्वतः केलेली वाकडी वस्तू तशीच वर्गात जाऊ द्यावी. दोन गुण कमी पडतील. पण तिच्याखालचे नाव खरे असेल.