विमानाचा स्क्रू की साधा स्क्रू? सुट्या भागांवरच्या करसवलतीने नेमकं काय बदललं?

मे २०२३ मध्ये 'गो फर्स्ट'ची विमानसेवा बंद पडली. दिवाळखोरीचा अर्ज करताना कंपनीने बोट दाखवलं ते इंजिनांकडे. इंजिनं नादुरुस्त, बदली इंजिनं वेळेत मिळेनात, त्यामुळे जवळपास निम्मा ताफा जमिनीवर, असं कंपनीचं म्हणणं होतं. इंजिन बनवणाऱ्या प्रॅट अँड व्हिटनीने हा आरोप फेटाळला.

त्या प्रकरणात कराचा दोष नव्हता. पण एक गोष्ट त्यातून लख्ख दिसली. विमान उडो वा न उडो, त्याचं भाडं चालूच राहतं. आणि विमानाचे बहुतेक सुटे भाग परदेशातून येत असल्यामुळे कस्टम्सच्या खिडकीवर काय होतं, याला महत्त्व येतं.

एक विमान, चार दर

आयात मालावर साधारण दोन मोठे कर लागतात: मूळ सीमाशुल्क आणि आयजीएसटी. विमानदुरुस्तीसाठी लागणाऱ्या अनेक भागांना मूळ सीमाशुल्क काही अटींवर आधीपासूनच माफ होतं. खरी डोकेदुखी होती आयजीएसटीची. भाग कोणत्या वर्गात मोडतो त्यानुसार ५, १२, १८ किंवा २८ टक्के.

आता हा वर्ग ठरवायचा कुणी आणि कसा? सर्वसाधारण वापराचे स्क्रू, नट-बोल्ट विमानात बसणार असले तरी वर्गवारीत ते 'विमानाचे भाग' नसतात. ते लोखंड-पोलादाच्या वस्तूंमध्ये जातात आणि त्यांचा दर १८ टक्के. म्हणजे विमान एकच, पण त्याच्या पोटातल्या वस्तूंना दर वेगवेगळे. मग वाद आणि नोटिसा आल्याच.

२२ जून २०२४ च्या ५३व्या बैठकीत जीएसटी परिषदेने यावर उतारा सुचवला. वर्ग कोणताही असो, विमानाचे भाग, चाचणीची उपकरणं आणि दुरुस्तीची अवजारं यांच्या आयातीवर ठरावीक अटींसह सरसकट ५ टक्के आयजीएसटी. १५ जुलै २०२४ पासून हे लागू झालं. १ कोटीच्या भागावर २८ टक्क्यांनी २८ लाख भरावे लागत असतील, तर आता ५ लाख.

पण भरलेला कर परत मिळतोच ना?

जीएसटीत साधारणपणे मिळतो. विमान कंपन्यांचं मात्र तसं नाही. इकॉनॉमीच्या तिकिटावर ५ टक्के जीएसटी आहे, पण त्या बदल्यात कंपनीला फक्त सेवांवर भरलेल्या कराचं क्रेडिट मिळतं, वस्तूंवरच्या नाही. सुटा भाग ही वस्तू. ज्या कंपनीचा सगळा धंदा इकॉनॉमीवर, तिच्यासाठी हा कर म्हणजे थेट खर्च. म्हणूनच दर कमी होणं हा इथे नुसता कागदी दिलासा नाही.

दुरुस्ती परदेशात का जाते?

२०२० पर्यंत उलटाच कारभार होता. भारतात विमान दुरुस्त केलं तर १८ टक्के जीएसटी, परदेशात पाठवलं तर ५. नागपूरच्या मिहानमध्ये बोइंगने उभारलेलं, एअर इंडियाचं दुरुस्ती केंद्र २०१५ पासून तयार होतं, पण करच असा की काम बाहेर जावं. एप्रिल २०२० पासून देशातला दरही ५ टक्के झाला. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पाने दुरुस्तीसाठी भारतात आलेली विमानं परत पाठवण्याची मुदत सहा महिन्यांवरून एक वर्ष केली.

एक गाठ मात्र कोर्टात गेली. परदेशात दुरुस्त झालेलं इंजिन परत आलं की कंपनी दुरुस्तीच्या सेवेवर जीएसटी भरते आणि कस्टम्स त्याच दुरुस्तीच्या खर्चावर वस्तू म्हणून पुन्हा आयजीएसटी मागतं. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ही दुसरी वसुली बेकायदा ठरवली. त्यानंतर इंडिगोने ९०० कोटींहून अधिक रकमेच्या परताव्यासाठी याचिका केली.

मग तिकीट स्वस्त होणार?

लगेच तरी नाही. विमान कंपन्यांचा सर्वांत मोठा खर्च इंधनाचा आहे आणि विमानाचं इंधन आजही जीएसटीबाहेर, राज्यांच्या व्हॅटखाली आहे. महाराष्ट्राने २०२३ मध्ये मुंबई, पुणे आणि रायगडसाठी हा व्हॅट २५ वरून १८ टक्के केला, तेव्हाही तिकिटांचे दर धाडकन खाली आले नव्हते. सवलतीचा खरा फायदा दुरुस्ती केंद्रांना आणि विमान लवकर हवेत परतण्याला आहे.

देशात भाग बनवणाऱ्यांचं काय, हा प्रश्न उरतो. तयार भाग स्वस्तात आत येत असतील आणि कच्च्या मालावर शुल्क असेल, तर इथे कारखाना टाकायचा कशाला? २०२६ च्या अर्थसंकल्पात नागरी आणि प्रशिक्षण विमानांच्या उत्पादनासाठी लागणाऱ्या भागांवरचं मूळ सीमाशुल्क माफ करण्याचा प्रस्ताव आला. दुरुस्तीसाठीचे भाग बनवायला लागणाऱ्या कच्च्या मालालाही माफी जाहीर झाली, पण ती संरक्षण क्षेत्रातल्या युनिट्ससाठी.