ओवा आला, माप कोठे आहे?

पोट दुखू लागले की चिमूटभर ओवा चावून खावा, हे मराठी घरात कोणाला शिकवावे लागत नाही. तोच ओवा आता ब्रॉयलर कोंबड्यांच्या खाद्यात जाऊ लागला आहे. त्याच्या जोडीला लसूण, दालचिनी, हळद, मिरी यांचे अर्क आहेत. प्रतिजैविकांऐवजी हे अर्क वापरून पिल्लांची वाढ साधावी, असा हा विचार आहे. तो स्वागतार्ह आहे. परंतु तो कोणत्या संकटातून जन्मला आणि त्याच्या यशाला काय लागते, हे समजून न घेता त्याचा जयघोष करणे घाईचे ठरेल.

संकट जुनेच आहे. १९५० च्या सुमारास अमेरिकेत असे आढळले की, ऑरिओमायसिन हे प्रतिजैविक तयार करताना मागे उरणारा चोथा खाद्यात मिसळला तर पिल्ले झपाट्याने वाढतात. रोग बरा करण्यासाठी नव्हे, केवळ वजन वाढविण्यासाठी औषध चारण्याची प्रथा तेथून जगभर पसरली. रोज थोडे थोडे औषध पोटात गेले की दुबळे जंतू मरतात आणि औषधाला न जुमानणारे तेवढे उरतात. मांस, विष्ठा, पाणी व शेडमधील कामगार यांच्यामार्फत ते माणसापर्यंत पोहोचतात. ब्रिटनमधील स्वान समितीने १९६९ मध्येच हा इशारा दिला होता. स्वीडनने १९८६ मध्ये वाढीसाठी होणारा हा वापर थांबविला. युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून त्यावर पूर्ण बंदी घातली.

आपल्याकडे जाग उशिरा आली. सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने २०१४ मध्ये दिल्ली परिसरातील कोंबडीच्या मांसाचे ७० नमुने तपासले, तेव्हा त्यांतील ४० टक्क्यांत प्रतिजैविकांचे अंश मिळाले. इतर औषधे निकामी ठरल्यावर माणसासाठी राखून ठेवावयाचे कोलिस्टिनसुद्धा कोंबड्यांना दिले जात होते. केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्ये पशुपक्ष्यांसाठी त्याच्या विक्रीस मनाई केली.

या पार्श्वभूमीवर वनस्पतींच्या अर्कांकडे लक्ष वळणे स्वाभाविक आहे. ओव्याच्या तेलातील थायमॉल हा मुख्य घटक जंतूंचे बाह्य आवरण दुबळे करतो. दालचिनी व लसूण यांतील द्रव्येही जंतुरोधक आहेत. यात केवळ आजीबाईचा बटवा नाही, रसायनशास्त्रही आहे. मात्र प्रयोगशाळेतील काचेच्या बशीत जे घडते, ते कोंबडीच्या आतड्यात तितक्याच जोमाने घडते असे नाही. कोठे वजन वाढल्याचे दिसते, कोठे काहीच फरक पडत नाही. त्याची कारणेही उघड आहेत. ओव्यातील थायमॉलचे प्रमाण वाण, जमीन, हंगाम आणि वाळवण यांनुसार बदलते. ही तेले उडून जाणारी असल्याने खाद्याच्या गोळ्या बनविताना वाफेच्या उष्णतेने त्यांतला काही भाग नष्ट होतो. अशा वेळी पोत्यावर नुसते ‘वनस्पतिजन्य’ असे छापून काय साधणार? पोत्यात ओवा आहे की ओव्याचा केवळ वास आहे, हे खरेदीदाराने कसे ओळखावे?

याचा भार अखेर कोणावर पडतो, हेही पाहिले पाहिजे. करार पद्धतीत पिल्ले, खाद्य आणि औषधे कंपनी देते; शेड, वीज आणि श्रम शेतकऱ्याचे असतात. खाद्य अधिक लागून वजन कमी भरले, तर त्याचा मोबदला घटतो. खाद्यात काय घातले आहे हे ज्याला सांगितले जात नाही, त्यानेच त्या अर्काच्या अपयशाचा दंड भरावा, हा न्याय नव्हे.

डेन्मार्कचा अनुभव येथे बोलका आहे. तेथील कुक्कुटपालकांनी १९९८ मध्ये वाढीसाठीची प्रतिजैविके स्वेच्छेने थांबविली. खाद्य किंचित अधिक लागू लागले; मरतुकीचे प्रमाण मात्र वाढले नाही. स्वच्छ आणि हवेशीर शेड, कोरडे तूस, शुद्ध पाणी, वेळेवर लसीकरण आणि दाटी टाळणे यांवरच पिल्लांचे आरोग्य प्रथम अवलंबून असते. त्याला अर्काची जोड मिळाली तर उत्तम. त्यांची जागा अर्क घेऊ शकत नाही.

म्हणून शासनाने प्रत्येक पोत्यावर अर्कातील मुख्य घटकाचे प्रमाण आणि वापराची मुदत छापणे बंधनकारक करावे, आणि त्याची पडताळणी पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांकडे सोपवावी. नैसर्गिक अर्काच्या नावाखाली प्रतिजैविक मिसळलेले आढळल्यास कठोर शिक्षा व्हावी. न्यूमोनियाने तापलेल्या मुलाला उद्या औषध लागू पडेल की नाही, याचा काही अंशी निकाल आजच्या खाद्याच्या पोत्यात लागत आहे. ओव्यावर विश्वास जरूर ठेवावा. पण तो मोजून ठेवावा.