यकृताचा विकार आणि मेंदूचें चित्र

यकृताच्या जुन्या विकारानें पीडित असलेल्या एखाद्या वडील गृहस्थानें दिवसा गाढ झोपावें, रात्रभर घरांत फेऱ्या घालाव्या, नातवाला मुलाच्या नांवानें हांक मारावी, असा प्रसंग कित्येक कुटुंबांत येतो. कोणी ‘वय झालें’ म्हणतो, कोणी बाहेरची बाधा म्हणतो, तर कोणी झोपेची गोळी देतो. यांत शेवटचा उपाय सर्वांत घातक.

आंतड्यांत उत्पन्न होणारा अमोनिया निरोगी यकृत युरियाच्या रूपानें बाहेर घालविण्याची सोय करितें. यकृत कठीण झालें म्हणजे हें काम अडतें व अमोनिया मेंदूपर्यंत पोंचतो. तेथील ॲस्ट्रोसाइट नांवाच्या पेशी त्याचें ग्लुटामिन करितात आणि त्या भरांत स्वतःच फुगतात. बुद्धीवर पडणारा हा पडदा बहुधा दूर होण्याजोगा असतो.

मग मेंदूचें चित्र काढल्यानें निकाल लागेल काय? मुळशी तालुक्यांतील चांद्यासारख्या गांवाहून अशा रोग्याला घेऊन मोठें रुग्णालय गांठावयाचें, म्हणजे खर्च व दगदग दोन्ही आलीं. तेव्हां हा प्रश्न रास्तच आहे. सी. टी. चें चित्र मुख्यतः दुसरें कांहीं घडलें नाहीं ना, हें पाहण्यासाठीं असतें. रक्त गोठविणारीं बहुतेक द्रव्यें यकृतांत तयार होतात. तें थकलें असतां मोरींत पाय घसरून डोक्याला लागलेला लहानसा मारही कवटीच्या आंत रक्तस्राव घडवूं शकतो, आणि त्याचीं लक्षणें थेट अशींच दिसतात. भ्रम प्रथमच झाला असेल, रोगी पडला असेल किंवा एका अंगांतील शक्ति कमी वाटत असेल, तर खर्चाकडे पाहूं नये.

एम. आर. आय. ची गोष्ट निराळी. तींत मेंदूच्या गाभ्यांतील ग्लोबस पॅलिडस हें केंद्र पांढरें चमकतें. पित्तावाटे बाहेर पडावयाचें मँगॅनीज तेथें सांचल्याची ती खूण. परंतु चमक किती यावरून भ्रम किती, हें मुळींच ठरत नाहीं. पूर्ण शुद्धीवरील रोग्यांतही ती आढळते, आणि यकृतारोपणानंतर कांहीं महिन्यांनीं ओसरूं लागते.

तरुण मुलाच्या यकृतविकारांत हात कांपूं लागले, बोलणें अडखळूं लागलें, तर मात्र या चित्राचें मोल फार. १९१२ सालीं विल्सन यांनीं वर्णिलेल्या आनुवंशिक रोगांत तांबें यकृतांत व मेंदूंत सांचतें, आणि त्यानें झालेली इजा चित्रांत दिसते. आपल्या पितळी भांड्यांशीं याची गल्लत नको. तान्ह्या मुलांच्या यकृतरोगाचा तांब्यापितळेच्या भांड्यांत तापविलेल्या दुधाशीं संबंध पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. आनंद पंडित व डॉ. शीला भावे यांनीं इंग्लंडच्या डॉ. टॅनर यांच्यासह १९८३ सालीं पुढें मांडला; तो रोग वेगळा, आणि आतां विरळा.

वृद्धाच्या भ्रमाचें कारण पुष्कळदां चित्रांत नसून घरांतच सांपडतें: बद्धकोष्ठ, ताप, काळा शौच, नाहीं तर ती झोपेची गोळी. वैद्यकीय सल्ल्यानें लॅक्ट्युलोज दिवसांतून दोन-तीनदां मऊ शौच होईल इतकें द्यावें. डाळ व दूध तोडण्याची जुनी चाल आतां डॉक्टरांनीं सोडली आहे. रोज सकाळीं रोग्याकडून वहींत सही करून घ्यावी व हात पुढें ताणून मनगटें वर वळवावयास सांगावें. अक्षर बिघडलें किंवा पंजे फडफडूं लागले, तर ती वही घेऊन त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जावें.