शेवटचे वीस टक्के

प्रभागातून / वॉर्डकर

वस्तीत शिवणवर्ग चालवणाऱ्या एक ताई परवा महापालिकेच्या निविदेचा गठ्ठा घेऊन घरी आल्या. गरजू महिलांना शिलाईचं प्रशिक्षण देऊन कामाला लावायचं, असं कंत्राट. ताई वीस वर्षं दुसरं काही करत नाहीत. कुठली मुलगी कुठल्या कारखान्यात लागली, कुणी घरीच मशीन टाकलं, सगळं तोंडपाठ. पण गाडी पात्रतेच्या अटींवरच अडली. तीन वर्षांची सरासरी उलाढाल हवी. ती बाजूला ठेवली तरी बयाण्याची रक्कमच त्यांच्या वर्षाच्या जमेहून मोठी.

ज्यांची उलाढाल मोठी त्यांचा तांत्रिक लिफाफा पास होतो. मग आर्थिक लिफाफा उघडतो आणि माणशी सर्वांत कमी दर देणारा काम घेऊन जातो. डांबर कमी घातलं तर पहिल्या पावसात खड्डा दिसतो, लोक बोंबलतात. शिकवणं कमी पडलं तर कोण ओरडणार? मशीन पाचजणींत एक, सरावाला कापड नाही, शिक्षिका महिन्याला बदलते. आणि शेवटी मुलगी घरी जाऊन म्हणते, मलाच जमलं नाही.

यावर उत्तर तयार असतं : नोकरी लावल्याशिवाय पूर्ण पैसे देतच नाही. इथे थोडा हिशेब करू. केंद्राने २०१५ साली कौशल्य योजनांसाठी खर्चाचे समान निकष ठरवले. त्यांत हप्ते असे : वर्ग सुरू होताना ३० टक्के, प्रमाणपत्र मिळाल्यावर ५० आणि शेवटचे २० नोकरीच्या निकालावर. म्हणजे माणशी दहा हजारांतले आठ हजार नोकरी लागायच्या आधीच हातात. हुशार ठेकेदार दर भरतानाच उरलेल्या दोन हजारांवर पाणी सोडतो आणि आठांत धंदा बसवतो. मिळाले तर बोनस. कंत्राटाचा मूळ हेतू असा बोनसच्या रकान्यात जाऊन बसतो.

ज्याचे पैसे मिळतात तेच तयार होतं. आपण हजेरी आणि प्रमाणपत्र विकत घेतो, तेही नीट तपासून नाही. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेवरच्या 'कॅग'च्या अहवालात ९४ टक्क्यांहून अधिक प्रशिक्षणार्थींच्या बँक खात्याच्या रकान्यात शून्यं किंवा तसल्याच निरर्थक नोंदी तरी आहेत, नाहीतर कोरी जागा.

मग सगळेच पैसे नोकरीवर ठेवावेत का? तसं केलं तर ताईंसारखी माणसं पहिल्याच महिन्यात बुडतील. भाडं आणि पगार कोण थांबवणार? शिवाय ठेकेदार अशाच मुली निवडेल, ज्यांना त्याच्याशिवायही काम मिळालं असतं. म्हणून सुरुवातीचे ३० तसेच राहू द्या. कात्री प्रमाणपत्राच्या ५० ला लावा : तिथे ३० द्या आणि ४० नोकरी तीन महिने टिकल्यावर. बिल मात्र वेळेवर काढा.

दुसरं, माणशी दर महापालिकेनेच जाहीर करावा. केंद्राचे निकषही तासाचा दर ठरवूनच देतात. मग चढाओढ स्वस्ताईची उरणार नाही, मागच्या तुकड्यांतल्या किती जणी आज कामावर आहेत याची होईल. आणि एकच गठ्ठा कंत्राट काढण्याऐवजी प्रभागवार छोटी कामं काढा. बयाणा आणि उलाढालीची अट आपोआप खाली येईल.

निविदापूर्व बैठक येत्या मंगळवारी आहे. ताईंना निविदा भरता येणार नाही, पण लेखी प्रश्न तर देता येतो. त्यांनी एकच ओळ लिहून घेतली आहे : 'मागच्या वर्षी ज्यांनी हे काम केलं, त्यांनी शिकवलेल्या बायका आज कुठे आहेत?' सोबत स्वतःच्या वर्गाची वही नेणार आहेत. वीस वर्षांची नावं आहेत तिच्यात.