कोषापलीकडचे रेशीम

जालना येथे २०१८ साली रेशीमकोषांची बाजारपेठ सुरू झाली आणि कोष घेऊन कर्नाटकातील रामनगर गाठण्याची मराठवाड्यातील शेतकऱ्याची यातायात पुष्कळ अंशी कमी झाली. कमी पाण्यावर येणाऱ्या तुतीने या अवर्षणप्रवण प्रदेशाला हातात रोख पैसा देणारा जोडधंदा दिला, ही समाधानाची बाब होय. परंतु केवळ कोष विकून थांबणारा प्रदेश किती काळ निर्धास्त राहू शकेल, हा प्रश्न आजच विचारावयास हवा.

रेशीम मऊ असूनही बळकट असते, याचे मर्म त्याच्या रचनेत आहे. फायब्रॉइन या प्रथिनाच्या साखळ्यांचे काही भाग एकमेकांना घट्ट बिलगून सूक्ष्म स्फटिक बनतात, उरलेले सैल राहतात. स्फटिक भार पेलतात. सैल भाग ताणले जाऊन धक्का पचवतात. निसर्गाची ही युक्ती आता प्रयोगशाळांनी हेरली आहे. जपानमधील होक्काइदो विद्यापीठात २००३ साली एक ताठ व एक लवचीक अशा दोन जाळ्या परस्परांत गुंतवून, बहुतांश पाणी असूनही कूर्चेसारखा चिवट पदार्थ सिद्ध झाला. ताठ जाळी जागोजागी तुटून ताण शोषते, लवचीक जाळी पदार्थ एकसंध राखते. कोळ्याच्या रेशमाचे प्रथिनही जीवाणूंकडून तयार करवून घेता येते.

अशा शोधांचा आर्थिक परिणाम इतिहासाने दाखविलेला आहे. १८९७ साली जर्मन कारखान्यातील कृत्रिम नीळ बाजारात आली आणि भारतातील निळीची शेती ढासळली. १९४० साली नायलॉनचे पायमोजे अमेरिकेत विक्रीस आले. जपानी रेशमाची तेथील गिऱ्हाइकी महायुद्धानंतरही पूर्ववत झाली नाही.

पैठणीची प्रतिष्ठा रेशमाला तारील, असे कोणी म्हणेल. ते काही अंशी खरेही आहे; पण प्रतिष्ठेची बाजारपेठ मर्यादित असते. खरी संधी अन्यत्र आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत फायब्रॉइनपासून वैद्यकीय उपयोगाचे सच्छिद्र पदार्थ बनविण्याचे संशोधन झाले आहे. यासाठी धागा अखंड असावा लागत नाही. प्रथिन विरघळवूनच घ्यावयाचे असते. म्हणजे जो फुटका, डागाळलेला कोष बाजारात कवडीमोल ठरतो, त्यालाही मोल येऊ शकते.

परभणीच्या कृषी विद्यापीठात रेशीम संशोधन योजना आहे, छत्रपती संभाजीनगरात विद्यापीठ आहे, औषधनिर्मितीचे कारखाने आहेत. या तिघांना एकत्र आणून कोषातील प्रथिन वेगळे काढण्याचा एक उद्योग येथेच उभारणे हे शासनाचे कर्तव्य ठरते. शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांना त्यात भागीदारी हवी. निसर्गापासून घेतलेली विद्या ज्याच्या हाती, भाव ठरविण्याचे सामर्थ्य त्याच्या हाती. नीळ पिकविणाऱ्याजवळ ती विद्या नव्हती. कोष पिकविणाऱ्यालाही ती न मिळाल्यास तो दोष निसर्गाचा नव्हे, नियोजनाचा असेल.