चुकांमागचा विचार वाचा!

भाषा अशुद्ध म्हणजे बुद्धी कमी, हा प्रस्थापितांचा जुना निवाडा आहे. तो फक्त आपल्याकडेच दिला जातो असे नाही. न्यूयॉर्कच्या हार्लेममधील सिटी कॉलेजात एप्रिल १९६९ मध्ये कृष्णवर्णीय आणि प्वेर्तो रिकन विद्यार्थ्यांनी इमारती ताब्यात घेतल्या. आमच्या वस्तीतील कॉलेजात आमच्याच मुलांना जागा का नाही, हा त्यांचा सवाल होता. १९७० पासून सिटी विद्यापीठाने शहरातील हायस्कूल उत्तीर्ण प्रत्येकाला प्रवेश खुला केला. लगेच ओरड झाली, दर्जा बुडाला!

प्रा. मिना शॉनेसी यांनी या ओरडीत सूर मिसळला नाही. १९७० ते १९७४ या काळातील प्रवेशावेळचे सुमारे ४,००० निबंध त्यांनी अभ्यासले आणि १९७७ मध्ये 'एरर्स अँड एक्स्पेक्टेशन्स' हा ग्रंथ दिला. त्यांचे म्हणणे स्पष्ट होते. या चुकांना स्वतःचा तर्क आहे. ज्याला कधी लिहू दिले नाही, तो नवशिक्यासारखाच लिहिणार. आधी शिक्षकाने ती चूक वाचायला शिकावे.

अमेरिकेतील पहिल्या वर्षाच्या 'कंपोझिशन' वर्गाचे मोल येथे कळते. विद्यार्थी उतारा वाचतो, लेखक कशाच्या आधारावर बोलतो ते तपासतो, मसुदा लिहितो, टीका ऐकतो, पुन्हा लिहितो. आणि आपण काय बदलले, का बदलले, तेही लिहितो. मताला आधार काय, हे तपासणे म्हणजेच चिंतनशील विचार, अशी मांडणी प्रा. जॉन ड्यूई यांनी १९१० मध्ये 'हाऊ वी थिंक'मध्ये केली होती. सिटी कॉलेजच्या जवळच असलेल्या कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ या काळात शिकताना बाबासाहेबांना हेच ड्यूई गुरू लाभले.

आपल्या कॉलेजांत काय चालते? पहिल्या पिढीचा विद्यार्थी गाइड घेतो, अपेक्षित प्रश्न पाठ करतो, पदवी मिळवतो. स्वतःच्या विचाराचे एक पान लिहिण्याची पाळी त्याच्यावर येतच नाही. याचे परिणाम वकिली करताना आम्ही पाहतो. अॅट्रॉसिटी कायद्याच्या १९९५ च्या नियमांतील नियम ५ प्रमाणे तोंडी फिर्याद लिहून घेऊन फिर्यादीला वाचून दाखवावी लागते. पण त्या मजकुरातून काय गाळले गेले, हे पकडायला तपासून वाचण्याची सवय लागते. ती नसेल तर हकीकत पोलिसाची आणि सही तेवढी आपली!

म्हणून आमची मागणी आहे. पहिल्या वर्षी मराठी आणि इंग्रजी दोन्हींत असा वर्ग हवा. विद्यार्थी कमी, प्राध्यापक कायम आणि प्रत्येक लेखनाचा दुसरा मसुदा सक्तीचा. हे उपकाराचे 'रेमेडिअल' नव्हे, हक्काचे शिक्षण आहे.

सिटी विद्यापीठात १९७६ मध्ये फी लागू झाली आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीस चार वर्षांच्या कॉलेजांतून पूरक वर्ग काढण्याचा निर्णय झाला. उघडलेले दार राखले नाही तर ते पुन्हा बंद होते, हे आपण विसरू नये.