बटण दाबलं, पुढे काय?

'बटण दाबलं की एलईडी लाव.' मायक्रोकंट्रोलर शिकताना पहिल्या काही प्रोग्रॅम्सपैकी एक हाच असतो, आणि माझ्या मते पुढचा निम्मा गोंधळ इथूनच सुरू होतो. बटण दाबणं ही नुसती घटना. तिचं काय करायचं, हे यंत्र त्या क्षणी कुठल्या अवस्थेत आहे त्यावर ठरायला हवं.

मतदान यंत्र आठवा. अधिकारी कंट्रोल युनिटवर 'बॅलट' दाबतो. तिथे लाल दिवा लागतो, तुमच्यासमोर हिरवा. तुम्ही बटण दाबलंत की हिरवा विझतो, उमेदवारासमोरचा लाल लागतो, व्हीव्हीपॅटची चिठ्ठी ७ सेकंद दिसून डब्यात पडते, बीप वाजते. आता तेच बटण शंभरदा दाबा, काऽही होत नाही! बटण तेच, अवस्था बदलली.

२० नोव्हेंबर २०२४ ला नांदेडकरांनी विधानसभा आणि लोकसभा पोटनिवडणूक अशी दोन मतं दिली. (लोहा-कंधारवाले जिल्ह्याने नांदेडचे, पण लोकसभेला लातूरचे. त्यांना एकच.) दोन यंत्रं, प्रत्येकाची अवस्था आपापली. एकावर मत दिलंत म्हणून दुसरं बंद पडत नाही.

आता हे डिले आणि फ्लॅग वापरून लिहून बघा. डिले संपेपर्यंत लूप बटणाकडे ढुंकूनही बघत नाही. मग डिले काढून फ्लॅग घालायचे. तीन फ्लॅग म्हणजे आठ जोड्या, त्यातल्या निम्म्यांचा अर्थ लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही. त्यात बटणाचे संपर्क दाबताना काही मिलिसेकंद थरथरतात, एकदा दाबलेलं चारदा दिसतं. टेबलावरचा एलईडी लुकलुकला तर हसून सोडू, पण तिथे मत असेल तर? स्टेट मशीनमध्ये पहिल्या दाबण्यालाच अवस्था बदलते, बाकीची तीन वाया जातात. डिबाउन्सिंग तरीही करायचंच, पण सगळी भिस्त त्याच्यावर राहत नाही. आणि '७ सेकंद झाले' हीसुद्धा बटणासारखीच एक इव्हेंट. टायमर ती पाठवेल, प्रोसेसरने ताटकळायचं कारण नाही.

'दोन ओळींच्या कामाला एवढा थाट कशाला?' असं हमखास विचारलं जातं. एक बटण, एक दिवा एवढंच असेल तर खरंच नको. पण 'जरा दाबून धरलं की बंद होऊ दे' अशी मागणी आली की कोड उघडण्याआधी कागद घ्या. उभ्या अवस्था, आडव्या इव्हेंट्स, आणि प्रत्येक चौकोन भरा. 'काही करू नये' हेही तिथे लिहायचं, मोकळं सोडायचं नाही. दुसरं मत त्या मोकळ्या चौकोनातूनच आत शिरतं.